जात्यानं शिकवलेलं

कुरुंद्याला माहेरी गेले की पॉलिशच्या हळदीची पिवळी धूळ नाकात शिरते, आणि मला हळद घासून चकचकीत करायचा, हातानं फिरवायचा तो लोखंडी ड्रम आठवतो. आता तिथं मोटार आहे.

मी लहान असताना एकदा तो ड्रम शेजाऱ्यांकडून मागून आणला होता, दिवस मावळायच्या आत परत द्यायचा होता. वडील आणि तिघं गडी वाळलेली हळद भरून तो फिरवत, दम लागला की थांबत. थांबलेला ड्रम पुन्हा हलवतानाच चौघं घामाघूम होत. दुपारपर्यंत निम्मीसुद्धा हळद झाली नव्हती.

खळ्यात हळद निवडत बसलेली माय उठली. "थांबवून काहून राहिले? फिरता ठेवा, अन् चालत्यातच हात बदला." तिनं स्वतः दांडा धरला. ऊन उतरायच्या आत सगळी हळद होऊन ड्रम रिकामा झाला.

"हे तुला कुनी शिकवलं?" वडिलांनी विचारलं.

"कोन शिकवल? आमी बाया रोज जातं ओढतो. तुमी कधी बसलात जात्यावर?"

तेव्हा मला वाटलं, माय चारचौघांत वडिलांना बोलली. आज मी नववीला विज्ञान शिकवते. जडत्वाचा धडा आला की फळ्यावर आधी जातं काढते.