टंचाच्या हिशोबाने साखर

सातवीतून शाळा सुटली आणि मी हुपरीत घरीच पैंजणाच्या कड्या जोडायला बसलो. पुढं त्याच कामानं पार तमिळनाडूत, सेलमला नेलं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून आमच्या शेजाऱ्यांना फोन लावायचा, ठेवायचा, दहा मिनिटांनी परत लावायचा. तोवर आई येऊन पोचलेली असायची. तिला धाप लागलेली ऐकू आली की मला बरं वाटायचं. माझ्यासाठी पळत आली, म्हणून.

एका रविवारी ती भलती खुशीत होती.

"शिबिर हुतं गावात. उपाशीपोटी रगात घेतलं. तुझ्या काकूची साखर नुसती पंच्याण्णव. माजी दोनशे दहा!"

"काकू काय म्हणाली?"

"काय म्हणतीय! तोंड एवढंसं केलं. मी म्हटलं, खात जा की जरा."

आम्ही दोघंही हसलो. आमच्या घरात आकडा म्हणजे टंच, चांदी किती शुद्ध ते. साठापेक्षा ऐंशी टंच चांगली, यात कुणाला विचारायचं काय? डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावलंय, असंही ती म्हणाली. गर्दीत कारण कुणी समजावलं नव्हतं. एवढा चांगला आकडा आलाय तर हेलपाटा कशाला, म्हणून मीच सांगितलं, "नको जाऊस."

दोन महिन्यांनी शेठनी आम्हा कारागिरांची तपासणी करवली. माझी साखर ब्याण्णव. माझं तोंड उतरलं. "इतनीच?" असं मी विचारलं, तशी लॅबमधली बाई हसली. मग कागद माझ्याकडं फिरवून, मोडक्या हिंदीत, न कंटाळता तिनं एकेक ओळ समजावली. उजवीकडं दोन आकडे छापलेले असतात, आपला त्यांच्या मधे हवा. उपाशीपोटी साखर सत्तर ते शंभर. त्याच्या वर गेली की सावध व्हायचं. एकशे सव्वीस किंवा जास्त, आणि दुसऱ्यांदाही तशीच आली, तर मधुमेह. रक्तदाबही एकशे वीस-ऐंशीच्या आतबाहेर बरा, वाढला म्हणजे अंगात ताकद आली असं नव्हे.

"आणि दोनशे दहा?"

तिचं हसू गेलं. "किसका है?"

बाईनं सांगितलेली लक्षणं घोकत, रविवार नव्हता तरी बूथ गाठला. आई घाबरतच फोनवर आली.

"तुला तहान लय लागतीय का?"

"लागतीया की. तांब्या पुरत न्हाय. उन्हाळा हाय न्हवं."

"आजच्या आज दवाखान्यात जा. काकूला घेऊन जा."

"तूच म्हणालास की नको जाऊ." आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. "आन् काकू हसंल मला."

"हसू दे गं आई. पण जा."

काकू हसली नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यापर्यंत सोबत गेली. गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर सुटली, आकडा हळूहळू एकशे अठरावर आला. "उतरली की रं!" आई फोनवर ओरडली. त्या लॅबमधल्या बाईचे उपकार मी कसे फेडणार? तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

दर तपासणीला काकूच आईबरोबर जायची. आईला बसमधे मळमळतं, तिला खिडकीशी बसवावं लागतं. काकूला हे ठाऊक असेल का, याचाच घोर घेऊन मी इकडं सेलमला बूथबाहेर उभा राहायचो.