वत्सलाचा ट्रंक कॉल

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. हजर: मालूमावशींचा भाचा दीपक, त्याची बायको सीमा आणि मी, समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण. जागा: नाशिकरोडच्या आमच्या सोसायटीतलं मावशींचं घर. त्यांचं तेरावं होऊन गेलं होतं, घर रिकामं करायचं होतं. कामांची यादी अर्थातच माझ्याकडे होती.

मालूमावशी फोन उचलून कधीच ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. रिसीव्हर कानाला लावायच्या, जरा थांबायच्या आणि विचारायच्या, “कोण, वत्सला?” मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा चुकीचा नंबर लागला समजून ठेवून दिला. लगेच समोरचं दार उघडलं. “तूच ना गं ती? आपलं नाव तरी सांगावं माणसानं!”

मावशी तरुणपणी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या, परगावचे कॉल हाताने जोडून द्यायच्या. एकाहत्तरच्या लढाईनंतर फोनवर नुसती झुंबड उडाली होती. देवळाली कॅम्पातल्या बायकांना नवऱ्याची खुशाली हवी, निफाडच्या द्राक्षव्यापाऱ्यांना मुंबईचा भाव हवा, आणि लाइनी जेमतेम. जादा पैसे भरले की कॉल ‘अर्जंट’, तो आधी लागायचा. साधा कॉल मागे. “साधा म्हणजे बसा!” मावशी म्हणायच्या. “द्राक्षं नासतात ना. माणूस काय, टिकतो.”

वत्सला साध्या कॉलवाली. तिचा नवरा जखमी होऊन उत्तरेकडच्या लष्करी दवाखान्यात होता. ती कॉलसाठी कॅम्पातल्या पोस्टात येऊन बसायची. मावशींनी तिचं तोंड कधी पाहिलं नाही. ओळख फक्त आवाजाची.

“लागला का वो, बाई?”

“नाही गं. बस जरा.”

हे रोजचंच झालं होतं. शेवटी एका दुपारी लाइन मिळाली. मावशींनी पोस्टात कळवलं, “वत्सलाबाईंना द्या.” तिकडचा कारकून म्हणाला, “ती गेली की आत्ताच. दीर आला होता न्यायला. पॅसेंजर पकडली त्यांनी.”

लाइनवर नवरा होता. ऑपरेटरने जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, असा नियम. त्या दिवशी मावशी बोलल्या. तो म्हणाला, “तिला येवढंच सांगा, बाई. आता पत्र येईल ते दुसऱ्याच्या अक्षरात असंल. माझा उजवा हात गेलाय. पण मी हाय. घाबरू नको म्हनावं.”

गाव विचारेपर्यंत लाइन तुटली. पुन्हा लागली तेव्हा त्याला दुसरीकडे हलवलं होतं. वत्सलाचं गाव पोस्टात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि फौजीच्या घरी परक्या अक्षरातलं पत्र येणं म्हणजे काय, हे कॅम्पातल्या पोरासोरांनाही कळायचं.

मावशींनी स्वतःच्या घरी फोनसाठी अर्ज केला. रांगच एवढी, की नंबर लागायला वर्षं गेली. फोन आला त्याच आठवड्यात कॅम्पातल्या पोस्टात जाऊन त्यांनी आपला नंबर दिला: वत्सला नावाची कुणी आली तर तिला द्या. पुढे नंबरात आकडे वाढले, तेव्हा पुन्हा जाऊन नवा देऊन आल्या.

मी एकदा म्हटलं, “मावशी, पत्रात सगळं लिहिलंच असेल ना? वाचलं की कळलं असेल तिला.”

“तू म्हणजे अगदी हिशेबी,” त्या म्हणाल्या. “पत्र हातात पडल्यापासून फोडेपर्यंत तिचं काय झालं असेल? आणि भीतीनं फोडलंच नसेल तर?” मग रिसीव्हर पदराने पुसत म्हणाल्या, “निरोप माझ्याकडेच पडून आहे. कॉल पुरा झालेला नाही.”

शेवटच्या आजारपणात खोलीत मोबाइल वाजला तरी त्या लँडलाइनकडेच बघायच्या.

रविवारी दुपारपर्यंत गॅस, वीज, भांडी, पुस्तकं, सगळं उरकलं. दीपक म्हणाला, “ताई, तेवढा फोन परत करून टाका. आता कोण वापरतंय?” मी वायर काढायला वाकले आणि तो वाजला. सीमाच्या हातातला डबा तसाच राहिला. तिघंही नुसते बघत होतो.

मी उचलला. जरा थांबले. “कोण, वत्सला?”

पलीकडे एक मुलगी गोंधळली. “नाही मॅडम, कर्जाची ऑफर होती...”

मी फोन ठेवला. वायर मी पुन्हा नीट खोचली.

यादीतल्या बाकी सगळ्या कामांवर काट मारून झाली आहे. फोन परत करायचा राहिला आहे.