तीन शिट्ट्या

रक्त तपासणीच्या काउंटरवरच्या मुलीने नाव टाकून बटण दाबलं आणि स्क्रीन गोठली. समोर उपाशीपोटी आलेले एक आजोबा काउंटरची कड घट्ट धरून उभे होते.

"राहू दे बाळ, रद्द कर. चक्कर येतेय मला."

"थांबा आजोबा, सर्व्हरचं उत्तर आल्याशिवाय रद्दचं बटणही चालत नाही," ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली.

आजोबांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माझं डोकंच सणकलं. असे प्रोग्रॅम लिहूनच मी पोट भरते. उत्तराची वाट मागच्या मागे बघायची आणि पुढची बटणं मोकळी ठेवायची, एवढंही कळलं नाही हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या शहाण्याला? कुकर लावला की आपण त्याच्यापुढे खिळून बसतो का? कोशिंबीर करतो, दार उघडतो, भांडतोसुद्धा. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. त्याच्या घरी मात्र वरण शिजेपर्यंत कोणी दारात कोसळलं तरी उठत नसतील!

चरफडतच मी आजोबांना मागच्या बाकावर नेऊन बसवलं, पाणी पाजलं. तेवढ्यात स्क्रीन हलली. मुलीने मान वर केली.

"हं, बोला आजोबा," ती रिकाम्या काउंटरला म्हणाली.