भिंतीचे कपडे

सत्यशीलाबाई आणि त्यांचं घर एकाच दिवशी कपडे बदलतात, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

मी कारखान्यातला पेंटर. चौतीस वर्षं लोखंड रंगवलं. गर्डर, पाइप, टाक्या, चिमणीच्या शिड्या. निवृत्त झालो आणि उतईच्या रस्त्याला घर बांधलं. शेजारचं घर सत्यशीलाबाईंचं. रिकाम्या माणसाला शेजारचं दार फार दिसतं. त्या दारावर उन्हाळ्यात मळकट पांढरा, बारीक निळ्या काठाचा पडदा असे. आषाढात तो जाई, तपकिरी येई. दसऱ्याला तपकिरी जाऊन जाडाभरडा लाल येई. बाईंच्या अंगावरची साडीही त्या त्या दिवशी तशीच बदले. एका ऋतूला दोनच साड्या, एक अंगावर आणि एक दोरीवर. पण त्या पडद्यासारख्याच.

मी बायकोला विचारलं, "हे असं कावून असन?"

शकुबाई म्हणाली, "दुसऱ्याच्या बाईचे पातळं मोजून राहिले का तुमी? भाजी निवडा."

भाजी निवडली. पण प्रश्न गेला नाही. शेवटी बाईंनाच विचारलं. त्या हसल्या आणि मला आत बोलावून एक पत्र्याची पेटी दाखवली. पेटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘गुलाब’ लिहिलेलं. गुलाब त्यांचे मालक, चरोद्याच्या रेल्वे यार्डात गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी इथं यायच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले.

"क्वार्टरात एकच खोली होती," बाई म्हणाल्या. "पेटी एक. मंग तीन गाठोडे केले. उन्हाचं, पाण्याचं, थंडीचं. एक सोडलं का दुसरं बांधाचं. अंगावरचं, दारावरचं, आंथरुणावरचं, सारं त्याच गाठोड्यात."

"अन पडदा पातळासारखा?"

"पडदा पातळच आहे, देवाजीभाऊ. पयले अंगावर. विटलं का दारावर. फाटलं का गोधडीत. अन शेवटी भिंतीवर."

"भिंतीवर कसं?"

"छुई लावाले."

छुई म्हणजे इकडची पांढरी माती. खेड्यात घरं तिनेच सारवतात. बाई वर्षातून तीनदा छुई लावत: चौदा एप्रिलच्या आधी, आषाढी पौर्णिमेच्या आधी आणि दसऱ्याच्या आधी. हे तीन दिवस त्यांच्या घरी तसेही मोठे. सकाळी पांढरी साडी नेसून विहारात जायचं, परत आल्यावर गाठोडं सोडायचं. म्हणजे भिंत, दार आणि बाई एकदमच नवे होत.

त्यानंतर मी त्यांचं काम मुद्दाम जाऊन पाहिलं. माझ्या हाताखालून बरीच पोरं गेली. काम पाहिलं की माणूस कळतो. बाई माती तीन दिवस भिजवत. जुन्या साडीतून गाळत. त्यात भाताची पेज घालत, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. मग फडक्याने एक हात आडवा. तो पूर्ण वाळला की दुसरा उभा. घाई नाही. खाली वीतभर गेरूचा पट्टा, सुतळी धरून सरळ. मला एकच खोट काढता आली, स्टूल डुगडुगत होतं.

आणि हे सगळं एकाच भिंतीसाठी. बाकीच्या भिंती मिस्तरीने सिमेंटच्या केलेल्या. बैठकीची ही एक भिंत गुलाबने स्वतः लिंपली होती. विटांवर माती, मातीत धानाचा भुसा, आणि हाताने फिरवलेली. मिस्तरीचा हात नव्हता तो. भिंतीवर बोटांच्या लाटा उमटलेल्या होत्या. संध्याकाळी दारातून तिरपं ऊन आलं की प्रत्येक लाट दिसे. चार रेघा, त्यांतली तिसरी तोकडी. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात त्यांच्या बोटाचं टोक गेलं होतं. मी त्या माणसाला तेवढंच ओळखतो.

त्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, एक घड्याळ. तीन खिळे. चौथा बाईंनी कोणाला ठोकू दिला नाही. सून आम्रपाली म्हणायची, "काका, माझ्या मायच्या घरी सगळीकडं पुट्टी आहे, एकदम चिकनी. इथं पाहुणे आले का विचारते, काम अधुरं आहे का?"

बाई म्हणायच्या, "सांग, हो. मिस्तरी येणार आहे."

पाच वर्षांमागे मार्चमध्ये बाईंचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. चौदा एप्रिल जवळ आला. मुलगा विक्की सुपेल्यात वर्कशॉपमध्ये कामाला. त्याला वेळ नाही. तो म्हणाला, "आई, मिस्तरी बोलवून प्लेन करून टाकतो. एकदाचं झंझट खतम."

दुपारी बाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. बसल्या म्हणजे काम आहे, हे मला ठाऊक होतं.

"भाऊ, ते भिंत प्लेन करून राहिले."

"तुमी नाई म्हना."

"किती दिवस म्हनू? मले तर आता लावता येत नाई."

मी म्हणालो, "माझ्यावर सोडा, वहिनी. एकदा असा रंग देतो का दहा साल हात लावायचं काम नाई."

मला खात्री होती. चौतीस वर्षं मी हेच केलं. लोखंडाला हवा लागू दिली नाही, पाणी लागू दिलं नाही, म्हणून ते टिकलं. वस्तू वाचवायची म्हणजे तिला बंद करायचं, एवढंच मला येत होतं. सुपेल्यातून चांगल्यातलं इनॅमल आणलं, छुईच्या रंगाचं.

डबा उघडला तेव्हा बाईंनी विचारलं, "अन पाणी कुठून जाईन?"

"कोणतं पाणी?"

"भिंतीतलं."

"पाणी आतच नाई जात, वहिनी. मंग निघन कुठून?"

त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "तुमी चौतीस साल केलं. तुमाले ठाऊक."

एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. खरवडल्याशिवाय रंग द्यायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. इथं खरवडलं असतं तर बोटं गेली असती. म्हणून मी मऊ ब्रशने धूळ झाडली आणि सरळ प्राइमर मारला. तयारीशिवाय रंग मी त्याआधी कधी दिला नव्हता.

भिंत चमकली. चकाकीत बोटांच्या लाटा आणखी उठून दिसल्या. आम्रपालीने मोबाइलवर फोटो काढले. चौदा एप्रिलला बाईंनी विहारातून येऊन उन्हाळ्याचं गाठोडं सोडलं. पडदा बदलला, चादर बदलली. मग भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

"कशी झाली?" मी विचारलं.

"ओली दिसते," त्या म्हणाल्या.

"वाळली आहे. हात लावा."

त्यांनी हात लावला. "हो. वाळली."

पाऊस चांगला झाला. आषाढी पौर्णिमेनंतर पंधरा दिवसांनी आम्रपालीने कुंपणावरून हाक मारली. "काका, जरा येता का? दीवार को कुछ हुआ है."

गेलो. गेरूच्या पट्ट्याच्या वर, कमरेइतक्या उंचीपर्यंत फोड आले होते. काही रुपयाएवढे, काही ताटाएवढे. मी बोटाच्या पेराने वाजवलं. पोकळ. एका फोडाला नख लावलं तर आतून पाणी ओघळलं. बांधताना घराच्या पायात ओल रोखायचा थर दिलेला नव्हता. दर पावसात जमिनीची ओल भिंतीत चढत असणार आणि छुईतून बाहेर निघून जात असणार. या वर्षी मी तिचं दार बंद केलं होतं.

बाई माझ्या मागं उभ्या होत्या. पाण्याचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

विक्की आला. फोड पाहून म्हणाला, "काका, आता तोड देते हैं. रविवारी फकिरा मिस्तरी येऊन राहिला. माती काढून सिमेंट मारून टाकतो." चूक माझी आहे असं तो म्हणाला नाही. मीच म्हणालो. मग म्हणालो, "आज मंगळवार. रविवारपर्यंत मले दे. रंग काढतो. मिस्तरीने भिंत वाजवून खराब म्हटली, तर तोड."

"पाच दिवसांत होईल?"

"पाहू."

खरंच ठाऊक नव्हतं. लोखंडावरचा जुना रंग आम्ही आगीने काढत असू किंवा पातीने ओरबाडत असू. इथं दोन्ही चालणार नव्हतं. रंग ओढला आणि त्याबरोबर माती आली, म्हणजे गुलाबचा हात गेला. तो पुन्हा कुठून आणणार?

बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातली पातळ सुरी घेतली. सर्वांत वरच्या कोपऱ्यात, जिथं चुकलं तरी कमी दिसेल, तिथं रंगाला चीर दिली. कड उचलली. हळूच खाली ओढली. पापुद्रा हातभर सुटून आला.

खाली भिंत होती. बोटं होती. तिसरी रेघ तोकडी.

मी पापुद्रा उलटा करून पाहिला. मागं पांढरं. जाडसर, एकावर एक थर, कांद्यासारखे. रंग मातीला चिकटलाच नव्हता. तो छुईला चिकटला होता आणि छुई घेऊन सुटत होता. दर वर्षी तीनदा, दोन-दोन हात. मी खरवडलं असतं तर हे थर गेले असते आणि रंग सरळ मातीला धरला असता. कामात केलेल्या चुकीने माणसाला वाचवलं, असं माझ्या बाबतीत एकदाच झालं. आणि खरं पाहता वाचवलं ते बाईंच्या तीन गाठोड्यांनी.

त्यांना पापुद्रा दाखवला. त्यांनी नखाने थर सोडवून पाहिले.

"हे पाहा, यात गेरू लागला आहे," त्या म्हणाल्या. "ते साल समृद्धी झाली होती. माझं ध्यान नव्हतं." समृद्धी म्हणजे त्यांची नात.

"पुढं ध्यान द्या."

"तुमी द्या. सुरी तुमच्या हातात आहे."

मग आम्ही रीत बसवली. मी वीतभर चीर देई. बाई डावा तळवा चिरेच्या वर भिंतीवर दाबून धरत. मी पापुद्रा खाली ओढी, बाहेर कधीच नाही. दर वेळी पेराने वाजवून पुढं. दारं-खिडक्या लावून आम्रपाली मोबाइलचा दिवा भिंतीला लावून तिरपा धरी, म्हणजे कुठं फुगलं ते दिसे. पहिल्या दिवशी ती कंटाळली. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, "काका, रुका. इथं बोटं वर जाऊन राहिले. तुमी खाली ओढून राहिले. बाजूनं घ्या." बरोबर होतं. बाजूने घेतलं.

शनिवारी दुपारी खिडकीखाली पोहोचलो. तिथं बारा महिने पाण्याचा माठ असे. माठ हलवायचा कंटाळा म्हणून बाईंनी त्यामागं छुई कधी लावली, कधी नाही. मी चीर दिली. बाईंनी तळवा ठेवला. मी ओढलं आणि त्यांच्या तळव्याखालून दीड हात लांबीचा मातीचा तुकडा निघून जमिनीवर पडला. विटा उघड्या पडल्या.

आम्रपालीने दिवा बंद केला.

बाई खाली बसल्या. ढेकळं उचलून पाहिली. दोन-तीन ढेकळांवर रेघा होत्या, पण जुळवता येतील अशा नव्हत्या. मी म्हणालो, "इथं मी थांबायले पायजे होतं."

"इथं मी माठ हलवाले पायजे होता," बाई म्हणाल्या. "आम्रपाली, घमेलं आण."

सगळी ढेकळं घमेल्यात घातली. पाणी घातलं. तीच माती भिजवून मळायला घेतली. त्यांचा एकच हात चालत होता. थोड्या वेळाने आम्रपाली समोर बसली आणि तिने कोपरापर्यंत हात घातले. संध्याकाळी मी ती माती विटांवर भरली.

भरून झाल्यावर विचारलं, "बोटं काढू का? तिसरं तोकडं ठेवून जमन मले."

"कावून?"

"सारखं दिसन."

"त्यायनं नाई फिरवला तिथं हात," बाई म्हणाल्या. "प्लेन ठेवा."

मी थापीने प्लेन केलं. माझ्या हाताला तेच येतं.

रविवारी फकिरा मिस्तरी आला. त्याने चप्पल काढली, भिंत वरपासून खालपर्यंत वाजवली. खिडकीखाली दोनदा वाजवली. विक्कीकडं वळला. "ओली आहे, पण पक्की आहे. माझ्या हातून असा भुसा नाही मळला जात. कोणी केली?"

"बाबांनी."

"मंग तोडाले मले कावून बोलावलं?"

विक्कीने त्याला चहा पाजला आणि पाठवून दिलं.

भिंत दसऱ्यापर्यंत उघडी वाळली. दसऱ्याच्या चार दिवस आधी छुई मी लावली. बाई खुर्चीवर बसून सांगत होत्या. पेज मी कमी घातली, ते त्यांनी लांबून ओळखलं आणि पुन्हा घालायला लावली. हातातलं फडकं तपकिरी होतं. ते आधी पावसाळ्यातली साडी होतं, मग मी दोन वर्षं पाहिलेला पडदा. माती मी फक्त दोन दिवस भिजवली होती, तेही त्यांना कळलं. एक दिवस थांबावं लागलं.

दसऱ्याला विहारातून येऊन त्यांनी थंडीचं गाठोडं सोडलं. लाल पडदा दारावर गेला. संध्याकाळी तिरपं ऊन आलं. सगळ्या भिंतीवर लाटा उठल्या. खिडकीखाली दीड हात सपाट. माझी नजर सारखी तिथंच जात होती. माठ त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात नेला होता.

मी म्हणालो, "वहिनी, तिथं एखादं कॅलेंडर टांगा. नाई तर माठ परत आणा. डोळ्यात येते ते."

बाई लाल साडीचा पदर खोचत म्हणाल्या, "तेवढं एक तुमचं काम आहे या घरात, देवाजीभाऊ. झाकून कावून ठेवू?"