नाक्यावर लागलेलं गुपित

मी भांडुपला राहते आणि घरातल्या यंत्रांवर लिहिते. मिक्सर, गिझर, पाण्याचे फिल्टर. वेबसाइट माझी स्वतःची. ऑफिस म्हणजे आमचं जेवणाचं टेबल, आणि संपादक, शिपाई, चहावाली सगळं मीच. हे आधीच सांगते, कारण पुढे जो ताप झाला तो बराचसा या टेबलापायी झाला.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी अंधेरीला, पाणी शुद्ध करायची मशीन बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. आई नाही, वडील रिटायर्ड पोस्टमन, घर तिच्याच पगारावर. एकदा चहाला आली आणि म्हणाली, "ताई, तुझ्या मशीनचा लाल दिवा लागला की तू लगेच आतला फिल्टर बदलतेस ना?"

"मग काय करू? आरती ओवाळू त्याला?"

"तो दिवा पाणी बघून लागतच नाही गं. ठरलेले महिने झाले की लागतो. फिल्टर चांगला असला तरी."

नव्या सेल्समनना शिकवायच्या स्लाइड्समधली एक तिनं मला दाखवली. त्यात हे सरळ लिहिलं होतं, वर ग्राहकाला सांगू नये अशी सूचनाही. तिची अट एकच होती: नाव कुठे यायचं नाही, नाहीतर नोकरी जाईल. मी शब्द दिला. लिहिण्याआधी कंपनीला मेल करून विचारलं, पुन्हा आठवणही करून दिली. कोणी ढुंकून बघितलं नाही. मग मी लिहिलं.

लेख फिरायला लागला तसं मात्र कंपनीला लगेच लिहिता यायला लागलं. वकिलाची नोटीस आली. मी म्हणे त्यांचं व्यापारी गुपित फोडलं होतं. लेख काढा आणि माहिती कुणी दिली त्याचं नाव लेखी कळवा.

मी कंपनीच्या त्या वकिलाला भेटायला अंधेरीला गेले. माणूस गोड बोलणारा. अशांचा मला जास्त राग येतो.

"मॅडम, तुम्ही पत्रकार आहात का?"

"लिहिते ना."

"कुठल्या पेपरात?"

"माझ्या साइटवर."

"म्हणजे नाही," तो म्हणाला आणि माझ्यापुढे बिस्किटं सरकवली. "प्रेसचं कार्ड असतं तर गोष्ट वेगळी होती."

माझं डोकंच फिरलं. पेपरात आलं असतं तर ती बातमी, आणि भांडुपच्या बाईनं स्वतःच्या टेबलावर बसून लिहिलं की ती चोरी? आणि गुपित तरी कसलं? कुणी वर्षानुवर्षं खपून मसाल्याचं प्रमाण जमवलं असेल, तर ते मी कशाला छापेन? ते त्याचं आहे. पण माझ्या ओट्यावरचा दिवा माझ्याशी खोटं बोलतो, याला गुपित म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं मान हलवली आणि नाव विचारलं.

नाव मी दिलं नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, तो चार दिवस फुगून बसला होता. फोन यायचे, नोटिसा यायच्या, मी तोंडाला कुलूप लावून होते.

आणि एका रविवारी मी मासळी आणायला निघाले, तर नाक्यावर फ्लेक्स. त्यावर त्या मुलीचा फोटो, कुठल्याशा लग्नातला, पैठणीतला. 'पाण्याच्या मशीनमधील फसवणूक उघडकीस आणणाऱ्या आमच्या भगिनीचे हार्दिक अभिनंदन.' खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग.

तिचे वडील शेजारच्या टपरीवर चहा पीत होते. छाती फुगलेली.

"काका, हे कुणी लावलं?"

"मंडळाच्या पोरांनी. फोटो मी दिला. परवा जेवताना बोलली पोर, तेव्हा कळलं मला."

"अहो, नोकरी जाईल ना तिची."

"तिनं चोरी केली का?"

"नाही हो."

"मग नाव कशाला लपवायचं? आमची हयात युनियनचे मोर्चे काढण्यात गेली. प्रत्येक निवेदनाखाली नाव, सही. बिननावाचा कागद साहेब वाचतसुद्धा नाही."

बोलत होते ते सगळं खरं होतं, म्हणून तर जास्त चीड येत होती. मी भांडून फ्लेक्स उतरवायला लावला. मंडळाचा अध्यक्ष रुसला, "ताई, चांगलं केलं तर पण ओरडता यार." फ्लेक्स उतरला, पण त्याचा फोटो तोवर मुलुंडपर्यंतच्या सगळ्या ग्रुपवर पोचला होता. वाट लागली होती.

व्हायचं तेच झालं. तिला काढलं. पत्रात मशीनचा, दिव्याचा, माझा उल्लेखच नाही. पदाची आवश्यकता उरली नाही म्हणे. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. वडील जिन्यात उभे होते, आत यायची त्यांची हिंमत होईना.

आणि एवढं होऊनही वकिलाचं पुन्हा पत्र आलं. नाव लेखी कळवा. मी तिच्यासमोरच फोन लावला.

"अहो, नाक्यावर फ्लेक्स लागला होता. तुम्ही तिला कामावरून काढलंत. आता कसलं नाव हवंय?"

"त्या बाबतीत आमच्याकडे अधिकृत माहिती नाही," तो तितक्याच गोड आवाजात म्हणाला. "तुम्ही लेखी द्या."

मी फोन आपटला.

"ताई, सांगून टाक ना," ती म्हणाली. "माझं आता काय जायचं राहिलंय?"

"तुझं गेलं गं. पण त्यांना नाव नकोय, माझी सही हवीय. तो कागद ते सगळ्यांना दाखवत फिरतील, की बघा, हिला दम दिला आणि हिनं नाव दिलं. मग उद्या कुणी असलं काही घेऊन माझ्याकडे येईल का?"

मी उत्तर लिहायला बसले, पण रागानं बोटं भलतीकडेच पडत होती. तिनं डोळे पुसले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. माहिती देणाऱ्या व्यक्तीचं नाव मी सांगणार नाही, एवढंच मी सांगितलं होतं. त्यात 'कधीही' तिनं स्वतः घातलं आणि मला न विचारता मेल पाठवून दिला.