मुरलीधरकाकांचा उजवा डोळा

मुरलीधरकाकांच्या नजरेवर संशय घेण्याची आमच्या आकाशमंडळात कोणाची छाती नव्हती. पस्तीस वर्षं त्यांनी फॅक्टरीत तपासनीस म्हणून सुटे भाग पास-नापास केले होते. निवृत्त झाल्यावर महाराजपुरात घर बांधलं आणि तोच लाल पेन्सिलीचा कारभार आकाशात सुरू केला. आम्ही सगळे हौशी तारे बघणारे: तेरा सभासद, दुर्बिणी दोन, मतं मात्र सव्वीस. काका बोलले की सव्वीसचं एक व्हायचं.

मंडळाचं मुख्य काम म्हणजे काक्षीची वही. काक्षी हा मृगातला तांबडा तारा. त्याचं तेज महिन्यामहिन्यांनी कमीजास्त होतं. शेजारी प्रश्वा नावाचा पांढरा तारा आहे, त्याचं बदलत नाही. दिवेलागणीनंतर गच्चीवर उभं राहायचं, दोघांची नुसत्या डोळ्यांनी तुलना करायची आणि काक्षीच्या तेजाचा आकडा लिहायचा. यात उपकरण नाही, असतो तो डोळा. म्हणून काकांचा शब्द शेवटचा.

प्रतिमा चार वर्षांपूर्वी मंडळात आली. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, घरी शाळकरी लेक, तरी एकही स्वच्छ संध्याकाळ तिनं सोडली नाही. पण तिचा काक्षी नेहमी काकांच्या काक्षीपेक्षा मंद. काका तिच्या आकड्यांवर लाल रेघ मारायचे. ती पुन्हा बघायची आणि पुन्हा तेच लिहायची. हट्टीच होती, आणि मला तिचा राग यायचा हे कबूल करतो. एका मासिक सभेत काका सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रतिमा, आकाश बरोबर आहे. तुझ्या डोळ्यातच काही गडबड आहे, दाखवून घे एकदा." कोणीतरी हसलं. कोणीतरी कशाला, मीच हसलो. त्यानंतर ती आली नाही. आमचा आलेख छान गुळगुळीत झाला आणि आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

गेल्या डिसेंबरात काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा नंतर करायचा होता. जानेवारीत एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, "अंबरीश, ये बरं जरा." मी गेलो तर काका गच्चीवर एकदा या डोळ्यावर हात ठेवत होते, एकदा त्या.

"दोन दिवसांपासून हेच करून राहिलो," ते म्हणाले. "डाव्यानं पाहिलं तर काक्षी वरचढ. उजव्यानं पाहिलं तर प्रश्वा. डॉक्टरला विचारलं. म्हणे, मोतीबिंदू पिवळा असते, पांढऱ्यातला निळा उजेड अडवते, तांबडा येऊ देते. सात-आठ वर्षांपासून असेल म्हणे." मग हळूच म्हणाले, "त्या पोरीचं बरोबर होतं."

"जाऊ द्या ना काका," मी म्हणालो. "आकडे दुरुस्त करून टाकू. तिला आता काहून सांगायचं?" झाकली मूठ सवा लाखाची, असा माझा विचार. माझं ते हसणंही त्याच मुठीत होतं.

"चांगला माल मी नापास केला," काका म्हणाले. "सांगायला मीच जाईन."

रविवारी संध्याकाळी आम्ही नेपियर टाउनला तिच्या घरी गेलो. चहा झाला. काकांनी वही उघडून रेघा मारलेली पानं तिच्यापुढे ठेवली, डोळ्याचं सगळं सांगितलं आणि हात जोडले. "चूक माझी होती, बेटा." आपल्याहून तीस वर्षांनी लहान बाईपुढे काका असे वाकलेले मला बघवेनात.

प्रतिमा पानं उलटत राहिली. "मी दाखवले होते डोळे," ती म्हणाली. "दोन डॉक्टरांना. दोघंही म्हणाले, एकदम ठीक है. मला वाटलं, यांना समजूनच नाही राहिलं. तुम्ही सांगितलं होतं ना." मग सहज सांगावं तसं म्हणाली, "अंधार पडल्यावर स्कूटी नाही चालवत मी तेव्हापासून. लेकीला क्लासला ऑटोनंच नेते."

मला तिच्याकडे मान वर करून बघण्याची लाज वाटली. शेवटी काका उठले. "चल गच्चीवर. आज आकाश साफ आहे. तू सांगशील तोच आकडा वहीत जाईल."

ती आली. काक्षी चांगला वर चढला होता. तिनं बराच वेळ पाहिलं, दोन्ही तारे आळीपाळीनं, पूर्वी पाहायची तसंच. वही हातात होती, पेन उघडलेलं. आपला आकडा लिहून होईपर्यंत दुसऱ्याचा विचारायचा नाही, हा या कामातला पहिला नियम. तो तिनं कधीच मोडला नव्हता, म्हणून तर तिच्या पानांवर एवढ्या लाल रेघा होत्या.

"काका," तिनं विचारलं, "तुम्हाला किती दिसून राहिला?"