कचेरीत म्हटलेलं लग्नाचं गाणं

आम्ही वारली. गोरेगावच्या टेकडीवर आमचा पाडा, खाली सिनेमाचे स्टुडिओ. आमचे आजे-पणजे याच टेकडीवर मेले. तरी ऐंशीच्या दशकात मला, पाड्यातल्या बारावी झालेल्या पहिल्या पोरीला, मी वारली आहे हे सिद्ध करायला लागलं. नर्सिंगला राखीव जागा मिळत होती. सोमवारपर्यंत जातीचा दाखला दिला नाही तर ती जाणार होती.

बापाच्या शाळेचा दाखला आणा, कचेरीतले म्हणे. बा शाळेत गेलाच नव्हता. मग जमिनीचा कागद आणा. अरे, कागद असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? तीन खेपा फुकट गेल्या. चौथ्या खेपेला मी आयला घेऊन गेले.

साहेबाने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आयची साडी नीटनेटकी, माझ्या हातात घड्याळ. आदिवासी वाटत नाही तुम्ही, म्हणाला. आम्ही डोक्यात पिसं खोचून आलेलं हवं होतं मेल्याला! मग विचारलं, तुमच्यात लग्न कोण लावतं? मी तोऱ्यात सांगून टाकलं, की आमच्यात भटजी नसतो, बाई लग्न लावते, तिला धवलेरी म्हणतात आणि ही माझी आयच धवलेरी आहे. कुठे काय बोलावं याची अक्कल नव्हती मला.

"मग गाऊन दाखवू दे," साहेब म्हणाला.

ते गाणं करमणुकीचं नसतं. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात देवीला बसवतात, मग धवलेरी गाते आणि त्या गाण्यानेच लग्न लागतं. एरवी आय ते गुणगुणतसुद्धा नसे.

ती उभी राहिली. हळूच म्हणाली, "साहेब, चौक नाय, नवरा-नवरी नाय. कोणाचा लगीन लावू?"

मग रीतीभाती माहीत नाहीत असं लिहितो, म्हणत साहेबाने पेन उघडलं. मी आयचं कोपर दाबलं.

"म्हण गं आय. एकदाच."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि लोखंडी कपाटाकडे तोंड करून गायला लागली. बाजूच्या टेबलावरचा कारकून खुसखुसत होता. शिपाई चहाचे कप घेऊन दारातच थांबला. गाणं संपल्यावर साहेबाने आतल्या दुसऱ्या साहेबाला बोलावलं आणि आयला पहिल्यापासून परत म्हणायला लावलं. खात्री तर त्याची कधीच पटली होती. नालायकाला मजा हवी होती. आणि मी शेजारी उभी राहून गप्प बसले.

दाखला मिळाला. मी नर्स झाले. पण आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. त्या साहेबाच्या आईला कुणी टेबलासमोर उभं करून गायला लावलं होतं का, त्याची जात खरी की खोटी बघायला? आणि त्याला शिव्या घालून झाल्या की मी स्वतःलाही घालते.

घरी आल्यावर आयने पाड्यातल्या बायकांना आपणहून सांगितलं, की तोंड उष्टं झालं, आता देवीपुढे चालायचं नाही. बायका म्हणाल्या, जाऊ दे गं, पोरीसाठी केलंस. तिने ऐकलं नाही. पुढे लग्नाचं बोलावणं घेऊन आलेल्या माणसांना ती पाणी देऊन परत पाठवायची.

दोन-तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं. मी तिचे पाय धरले, म्हटलं, माझं तरी तू लाव.

"माझा तोंड तुझ्या कामाला आला," ती म्हणाली. "आता देवीच्या कामाला नाय यायचा." आणि दुसऱ्या पाड्यावरच्या धवलेरीला बोलवायला तिने माणूस धाडला.